चोवीस व्होल्टांचं सोवळं

आयुष्यात मी एकच घर बांधलं आणि त्याला चार चाकं होती. मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात आमची वीस वर्षं गेली, पुढे फ्लॅट घेतला तोही दुसऱ्याने बांधलेला. पण ते चार चाकांचं घर मात्र आराखड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत माझं. निदान मी तसं सांगतो. बायको समोर नसली की जरा जास्तच सांगतो.

साठ सालाच्या आगेमागे मी बंगळूरला विमानांच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होतो. घरात तिघं: मी, बायको आणि आई. आई कडक सोवळ्यातली. परसातल्या विहिरीचं पाणी, कोळशाची शेगडी, कल्हई लावलेली पितळी भांडी आणि सोवळं नेसून स्वतःच्या हाताने शिजवलेलं अन्न. त्यापलीकडे जगात काही खाण्यासारखं असतं हे तिला फक्त ऐकून ठाऊक होतं. बायकोचा ओटा वेगळा. त्यावर पंपाचा स्टोव्ह फुरफुरायचा आणि आम्ही दोघं त्याच्यावर जगायचो.

सांगलीहून बंगळूरला येताना आईने रेल्वेचा सगळा प्रवास दुधात भिजवलेल्या दशम्या आणि केळी यांवर काढला होता. तेव्हा पोट धडधाकट होतं. नंतर पोटात अल्सर निघाला. डॉक्टरांनी बजावलं, दर तीन तासांनी काहीतरी मऊ आणि गरम पोटात गेलंच पाहिजे. कोरड्या दशम्या बंद. उपास तर नावालाही नाही.

आणि त्याच वर्षी सांगलीहून माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. आता सहावा महिना होता आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली होती, म्हणजे माहेरी बाळंतपणाला येणं शक्य नव्हतं. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती: आई, तू ये.

"तुला न्यायचं कसं, ते सांग," मी आईला म्हटलं. "रेल्वेत तू खाणार नाहीस."

"नाही."

"उपाशी राहिलीस तर तिथे तिच्याऐवजी तुलाच खाटेवर झोपवावं लागेल."

"तेही खरं."

"मग चार दिवस सोवळं बाजूला ठेव."

"मी तुला कधी नोकरी बाजूला ठेव म्हटलंय?" आई म्हणाली आणि तुळशीला पाणी घालायला गेली.

आईला स्वयंपाकघर सोडता येत नाही, तर स्वयंपाकघरानेच आईबरोबर जावं, ही कल्पना मला सुचली. बायको म्हणते तिला सुचली. आमच्यात यावर अजून एकमत नाही.

त्या काळी छावणीकडे लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव व्हायचे. तिथून एक म्हातारी अ‍ॅम्ब्युलन्स मी सोडवून आणली. यशवंतपूरच्या एका मिस्त्रींनी तिचं इंजिन खोलून, घासून पुन्हा बसवलं. हे मिस्त्री मराठेच, पण त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी. मला ते अण्णा म्हणत, बायकोला अक्का, आईला अम्मा. सांगलीपर्यंत गाडीही तेच चालवणार होते. इंजिन त्यांचं आणि मागची खोली माझी, अशी वाटणी ठरली.

खोलीसाठी मी मदतीला घेतला माझा एक मित्र. हा पुण्याचा, कारखान्यात वजन विभागात. त्या विभागाचं काम एकच: विमानात जाणारी प्रत्येक वस्तू तोलायची आणि जड असेल तर नाकारायची. माणूस हुशार, पण तोलल्याशिवाय त्याला काही दिसतच नसे. पहिल्याच रविवारी तो ताणकाटा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरला आणि आईचं पितळी पातेलं आकड्याला लटकवून म्हणाला, "काकू, हे बाद. अ‍ॅल्युमिनियमचं घेऊ."

"जर्मनच्या भांड्यात मी भात शिजवत नाही."

"निम्म्याहून कमी वजन आहे."

"भाताचं की भांड्याचं?"

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग चाचरत म्हणाला, "काकू, गाडीचा तोल काढायचाय. तुमचं वजन किती?"

"तुझ्या आईला विचारून ये आधी तिचं," आई म्हणाली.

मी विजेच्या मागे लागलो होतो. आईच्या गाडीत धूर नको, काजळी नको. मला तिथे विजेची शेगडी हवी होती. भंगाराच्या लिलावात विमानातले दिवे आणि एक छोटा, कमालीचा देखणा पंखा मला मिळाला होता. सगळं चोवीस व्होल्टांचं. गाडीचा डायनॅमो मात्र बारा व्होल्टांचा. कुणी शहाणा माणूस असता तर त्याने बाजारातून बारा व्होल्टांचा दिवा आणला असता. मी तीन आठवडे जागून एक स्विच बनवला. गाडी चालू असताना बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडून चार्ज व्हायच्या, आणि खटका दाबला की एकीला दुसरी लागून चोवीस व्होल्ट द्यायच्या. तो स्विच पाहिला की आजही माझी छाती दोन इंच फुगते. तो आमच्या शोकेसमध्ये आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवतो.

विजेच्या शेगडीचं गणित मी बायकोला समजावून सांगितलं. पाऊण तास भात शिजवला तर तेवढी वीज परत भरायला गाडी तीन तास चालवावी लागेल.

"आणि आईंना दिवसातून पाच वेळा खायचं," ती म्हणाली. "म्हणजे सांगलीला पोचायच्या आत आपण काशीला जाऊन येऊ."

शेगडी गेली. तिच्या जागी पंपाचा स्टोव्ह आला. नवा, पितळी, घरातल्यापेक्षा दोन नंबर मोठा. धूर बाहेर ओढायला पंखा होताच. पाण्यासाठी छपराखाली जस्ताची टाकी बसवली, तिला खाली नळ. खड्ड्यात गाडी आदळली तरी काही हलू नये म्हणून प्रत्येक डबा, प्रत्येक पातेलं (अखेर पितळीच) आम्ही विमानातल्या खुर्च्यांच्या पट्ट्यांनी जखडून टाकलं. काय पट्टे होते ते. रुंद, तकतकीत, चकचकीत बकलांचे. मित्राने एकेक बकल ओढून पाहिलं. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते.

"अण्णा, गाडी आहे ही, विमान न्हवं," ते म्हणाले.

"म्हणूनच तर. विमानाला खड्डे नसतात."

"सरी," मिस्त्री म्हणाले. 'सरी' म्हणजे बरोबर. पण ते ज्या सुरात म्हणाले त्याचा अर्थ वेगळा होता, एवढी कानडी मला येत होती.

चाचणीसाठी येलहंकाला जायचं ठरलं. तिथल्या तळ्याकाठी गाडी उभी करायची, आईने स्वयंपाक करायचा, जेवायचं आणि परतायचं. सकाळी सहाला आईने दूध घेतलं. नऊची पेज गाडीतच करू, असं मीच म्हटलं. निघताना उशीर झाला, कारण मित्र गाडीचा तोल पुन्हा काढत होता. तळ्याशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

आई आडोशाला सोवळं नेसून आली. आम्ही बाजूला झालो. मी दाराशी हात बांधून उभा होतो. एखाद्या धरणाचं उद्घाटन असावं तसा. आई पायरी चढली, आत गेली आणि मध्ये उभी राहिली. कशालाही हात लावला नाही.

"हे पट्टे कसले रे?"

"विमानातल्या खुर्च्यांचे," मी म्हटलं.

"कुठले ते नाही विचारलं. कसले?"

मी उत्तर देईपर्यंत मित्र अभिमानाने म्हणाला, "अस्सल कातडी, काकू. जन्मात तुटायचे नाहीत."

सोवळ्यात कातड्याला शिवत नाहीत. हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. लहानपणी आई स्वयंपाक करत असताना कमरेचा पट्टा काढल्याशिवाय मला त्या खोलीचा उंबराही ओलांडता येत नसे. आणि त्याच मी, तिच्या प्रत्येक भांड्याला, मिठाच्या बरणीलासुद्धा, चामड्याचा पट्टा घातला होता.

"नऊ पट्टे आहेत," मी म्हटलं. "आत्ता काढतो. बाहेरून काढतो, तुला शिवत नाही."

"थांब. त्या नळात काय असतं? वॉशर की काय म्हणतात तो."

तो मी स्वतः बसवला होता. त्या काळी नळाचा वॉशर चामड्याचाच असायचा.

"आणि स्टोव्हच्या पंपात?" हे बायकोने विचारलं. तिने ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण ती दर महिन्याला घरच्या स्टोव्हच्या पंपातलं चामडं तेल घालून मऊ करायची, तिला न विचारता राहवलं नसावं.

आई खाली उतरली. रागावली नाही. झाडाखालच्या दगडावर बसली. पातेल्यातलं दूध गरम करायला स्टोव्ह नाही, हात धुवायला पाणी नाही, आणि नऊची पेज राहूनच गेली होती, अकरा वाजले होते. मिस्त्रींनी गाडी चालू करायला घेतली. मी खटका चोवीसवर ठेवून दिवा दाखवायच्या नादात बॅटरी उतरवली होती, त्यामुळे गाडी चालू होईना.

"अण्णा, स्वल्प बाजूला व्हा," ते म्हणाले आणि पुढे जाऊन हँडल फिरवायला लागले.

मल्लेश्वरमला पोचेपर्यंत आईच्या पोटात कळ सुरू झाली होती. घरात शिरताना ती एका हाताने भिंत धरून चालली. बायकोने शेगडी पेटवून दिली, आईने त्या अवस्थेतही अंघोळ करून पेज स्वतःच ठेवली, आणि पेज होईपर्यंत पोटाशी गुडघे घेऊन जमिनीवर पडून राहिली. मित्र ओसरीवर बसून वहीची पानं उलटत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

संध्याकाळी मी आईजवळ बसलो. म्हटलं, "गाडी विकून टाकतो. ताईला लिहितो, जमत नाही म्हणून."

लहान असली तरी तिला आम्ही ताईच म्हणायचो.

"गाडी कशाला विकायची?" आई म्हणाली. "गाडी चांगली आहे. त्यातलं कातडं काढ."

"बाकी काही?"

"बाकी तुम्ही मला विचारलंत कुठे? वजन तेवढं विचारलंत."

मग दिव्याखाली मी गाडीचा आराखडा पसरला. आईने तो उलटा धरला, मी सुलटा केला. बोटाने एकेक चौकोन दाखवत तिने विचारलं, हे काय, ते काय. स्टोव्हच्या चौकोनावर बोट थांबलं. "इथे वातीचा स्टोव्ह ठेव. त्याला पंप नसतो, आवाजही नसतो. हळू जळतो, पण मला कुठे लग्नाची पंगत उठवायचीय." मग टाकीवर. "ही काढ. माझी तांब्याची घागर ठेव, पळीने पाणी घेईन." आणि पट्टे? "खाटेची निवार असते ना, सुती. तिने बांध. धुताही येते."

पंख्याच्या चौकोनावर ती बराच वेळ थांबली. मला वाटलं, हाही गेला. "हा धूर बाहेर ओढतो?" तिने विचारलं.

"ओढतो."

"हा राहू दे. हे मात्र चांगलं केलंस."

पुढच्या पंधरा दिवसांत निवारीचे पट्टे बायकोने शिवले, प्रत्येकाला नाडीचा फास, बकलाबिकलाची भानगड नाही. एका हाताने सुटायचे. वातीचा स्टोव्ह मिस्त्रींनी लाकडी खोक्यात वाळूत रोवून दिला. म्हणाले, वाळू असली की आगीची भीती नाही आणि स्टोव्ह नाचतही नाही. मी माझ्या स्विचवर 'चार्ज' आणि 'दिवा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. मित्राने सगळं परत तोललं. घागर आणि वाळू धरून गाडी दीड मण जड भरली होती. त्याने तो आकडा मिस्त्रींना कुणी गेल्याचं कळवावं तसा सांगितला.

"भेष," मिस्त्री म्हणाले, म्हणजे शाब्बास. "रिकामी होती म्हणून मागची चाकं उड्या मारत होती. आता रस्त्यावर बसेल गाडी."

दुसऱ्या चाचणीला आम्ही पुन्हा येलहंकाच्या त्याच झाडाखाली थांबलो. आईने आत पडदा ओढला. आम्ही चौघं बाहेर गवतावर. बराच वेळ नुसता पंख्याचा बारीक आवाज येत होता. मग छपराच्या झरोक्यातून भाताची वाफ बाहेर यायला लागली. मित्राने नाक वर करून वास घेतला आणि हळूच म्हणाला, "पितळी पातेलंच बरोबर होतं."

आठव्या महिन्यात आई, मिस्त्री आणि मी निघालो. तुमकूर, चित्रदुर्ग, धारवाड, कोल्हापूर, तीन दिवस. दर तीन तासांनी मिस्त्री सावली पाहून गाडी उभी करत. आई सोवळं नेसून पडद्याआड जाई, आम्ही बाहेर फेऱ्या मारत असू. पेज, मऊ भात, दूध, पुन्हा भात. एकही वेळ चुकली नाही. धारवाडजवळ तिने सांजा केला आणि मिस्त्रींना आधी वाढला. "अम्मा, विमानात असं मिळत नसेल," ते म्हणाले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "विमानात कातडंच असतं वाटतं सगळीकडे."

तिसऱ्या दिवशी दुपारी सांगलीत बहिणीच्या अंगणात गाडी उभी राहिली. बहीण दारात आली. पोटावर हात, चेहऱ्यावर सूज. आई उतरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी मात्र मनात हिशेब करत होतो: तीन दिवस, तेरा जेवणं, कळ एकदाही नाही. काम फत्ते. आता उद्या गाडी घेऊन परत निघायचं.

"गाडी परत कुठे नेतोस?" आई म्हणाली. "मी जेवू कुठे?"

"ताईकडे. तिच्या घरात सोवळ्याची जागा करून देतील ना."

"अरे, मुलीला मूल होईपर्यंत आई मुलीच्या घरचं अन्न खात नाही. पाणीसुद्धा घेत नाही. एवढं ठाऊक नाही तुला?"

ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं. प्रवास तीन दिवसांचा होता, राहणं दोन-अडीच महिन्यांचं. आई पहिल्या दिवसापासून राहण्यासाठी गाडी करून घेत होती आणि मी एकटाच प्रवासासाठी करत होतो.

आता प्रश्न विजेचा. डायनॅमो चालत्या गाडीचा; अंगणात उभ्या गाडीत दिवा-पंखा चालवला तर बॅटऱ्या चार दिवसांत झोपणार. बहिणीच्या आळीत तेव्हा वीज आली नव्हती. मी डोकं धरून बसलो. आईने गाठोड्यातून कंदील काढला. तो तिने मित्राच्या काट्याला न दाखवता आणला होता. "दिव्याचं काम झालं," ती म्हणाली. "पंख्यासाठी इंजिन रोज थोडा वेळ चालू ठेवलं तर नाही का भागणार?" भागणार होतं. बहिणीच्या नवऱ्याने ते काम अंगावर घेतलं. मिस्त्रींनी त्यांना हँडल मारायला शिकवलं, मी स्विच शिकवला. पहिल्या दिवसापासून त्यांना हँडल चांगलं जमलं.

मी निघालो त्या सकाळी आळीतल्या चार-पाच बायका गाडी बघायला आल्या होत्या. मी पलीकडे दाढी करत होतो. आई त्यांना आतलं दाखवत होती: ही निवार, हा वातीचा स्टोव्ह. एकीने त्या खटक्याबद्दल विचारलं. मला वाटलं, आता मला हाक मारेल.

"ते सोपं आहे," आई म्हणाली. "दोन बैल समजा. चरायला सोडायचे तेव्हा शेजारी-शेजारी सोडायचे, दोघांनाही सारखं खायला मिळतं. ओझं जास्त असलं की एकापुढे एक जुंपायचे. खटका त्यासाठी. माझ्या मुलाने केलाय. विमानातसुद्धा असला नसतो."

कारखान्यात हेच मी तासभर फळ्यावर आकृत्या काढून सांगत असे. दाढी अर्धी ठेवून मी ऐकत राहिलो.

चैत्रात बहिणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप असल्याची तार आली. बारा दिवस झाल्यावर मी रजा घेऊन गाडी आणायला सांगलीला गेलो. मिस्त्री दोन दिवसांनी मागून येणार होते. पोचलो तेव्हा दुपार होती. घरात पाहिलं तर आई बहिणीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला बघून म्हणाली, "हात धुऊन ये, बस."

"ताई कुठे?"

"मोटारीत. सगळ्या आळीत पंखा एकटा तिथेच आहे. बाळ-बाळंतीण तिथे निजतात."

मी अंगणात गेलो. गाडीचा पडदा ओढलेला होता. आत पंखा बारीक आवाज करत फिरत होता. आता तो उलटा लावला होता. धूर बाहेर ओढण्याऐवजी वारा आत सोडत होता. तारा बरोबर जोडलेल्या होत्या. कुणी जोडल्या, मी विचारलं नाही. स्विचवरचे माझे रंगवलेले शब्द पुसट झाले होते आणि त्यांची कुणाला गरज दिसत नव्हती.

"गाडी केव्हा नेऊ?" मी आईला विचारलं.

"पाऊस पडेपर्यंत तरी नको."

मी मिस्त्रींना येऊ नका म्हणून तार केली, बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं, डायनॅमोचा पट्टा ताणून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने बंगळूरला परतलो. कारखान्यात फाटकापाशीच मित्र भेटला.

"गाडी कुठाय?"

"कामावर आहे," मी म्हटलं.